दिवा इथे मंद, दोष भलतीकडेच: जुन्या गाडीच्या वायरिंगवर वाचकांचे प्रश्न

जुन्या गाड्यांच्या वायरिंगवर प्रश्नांचा ढीग साचला होता म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच दिलीय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि लांबलचक पत्रं छाटलीत, राग मानू नका. एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो म्हणजे प्रत्येक उत्तरात लिहायला नको. वायरिंगला हात लावायच्या आधी बॅटरीची अर्थची (म्हणजे गाडीच्या धातूच्या बॉडीला जाणारी) केबल काढायची, आणि अर्थ म्हणजे कायम निगेटिव्हच असं समजू नका, १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, तिथं पॉझिटिव्ह आधी निघते. पाना चुकून बॉडीला टेकला तरी जाळ होऊ नये एवढंच त्यामागचं कारण.

प्रश्न: हेडलाइट पिवळट आणि मंद लागतात. बल्ब नवे टाकले, बॅटरी नवी घेतली, तरी तेच. एका ठिकाणी वायर सोलून बघितली तर आत तांबं काळं पडलंय आणि टोकाला हिरवी बुरशी आल्यासारखं दिसतंय. मेकॅनिक म्हणतो सगळं वायरिंग बदला. खरंच बदलायला लागेल का?

उत्तर: लागेलही, पण ते आज ठरवू नका, आधी मोजा. बल्ब बदलला, बॅटरी बदलली, आता वायरिंग बदलू, हा जो क्रम आहे ना तो दुखरा दात सोडून शेजारचे सगळे काढण्यातला प्रकार आहे.

आधी ते हिरवं नि काळं काय आहे ते बघू. तांब्याला दमट हवा लागत राहिली की त्यावर हिरवट कार्बोनेट चढतं, खारट पाणी लागलं असेल तर क्लोराइड, आणि बॅटरीजवळच्या वायरींवर ॲसिडच्या वाफेमुळे निळसर सल्फेट. काळा थर बहुतेक वेळा ऑक्साइडचा असतो, आणि फार जुन्या, म्हणजे रबरावर सुती वेणी चढवलेल्या वायरी असतील तर रबर पक्कं करायला त्यात घातलेलं गंधकच तांब्याला लागून ते काळं करतं. नंतरच्या पीव्हीसी वायरींचा वेगळाच ताप, वर्षानुवर्षांनी त्या प्लॅस्टिकमधला मऊ ठेवणारा पदार्थ बाहेर पाझरतो आणि तांब्याबरोबर त्याची हिरवी चिकट चटणी होते, हाताला लागते ती तीच. आणि सगळ्यात वाईट भाग हा की बारीक तारांच्या मधल्या फटीतून पाणी आपोआप आत खेचलं जातं, त्यामुळे टोकाला पाणी लागलं तरी वीतभर आतपर्यंत वायर काळी सापडते आणि वरचं आवरण मात्र छान चकचकीत.

आता मोजायचं कसं. लो बीम लावा, बल्ब होल्डरमध्येच राहू दे, काढायचा नाही. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर. एक प्रोब बॅटरीच्या चालू (म्हणजे अर्थ नसलेल्या) पोलवर, क्लॅम्पवर नाही हं, प्रत्यक्ष शिशाच्या पोलवर, आणि दुसरा बल्बच्या मागच्या चालू टर्मिनलवर. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट तुमची वायरिंग वाटेत खातेय. मग तसंच बॅटरीच्या अर्थच्या पोलपासून बल्बच्या अर्थ टर्मिनलपर्यंत. चालू बाजूला अर्ध्या व्होल्टपर्यंत चालवून घ्या, अर्थच्या बाजूला ०.१ च्या वर गेलं की काम आहे.

आकडा जास्त आला तर बॅटरीवरचा प्रोब तिथंच ठेवून दुसरा पुढेपुढे सरकवत न्या, आधी क्लॅम्प, मग सेल्फच्या (स्टार्टरच्या) सोलेनॉइडचा बोल्ट, लाइटच्या स्विचची येणारी बाजू, स्विचची जाणारी बाजू, डिपर, पुढचं बुलेट कनेक्टर, शेवटी बल्ब. ज्या टप्प्यावर आकडा एकदम उडी मारतो तिथं दोष. बहुतेक वेळा ही उडी लांब वायरीत नसतेच, जोडात असते नाहीतर स्विचमध्ये.

एवढ्याशा व्होल्टनं काय होतंय असं वाटेल, पण फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात नाही, त्याच्या साधारण ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे व्होल्टेज १० टक्के पडलं की उजेड ३० टक्के गेला. १२ च्या जागी १०.८ मिळतायत आणि तुम्ही बल्बला शिव्या देताय.

प्रश्न: मी मीटरची बीप लावून सगळ्या वायरी तपासल्या, सगळीकडे बीप येते, ओहममध्येही ०.३ वगैरे दाखवतो. तरी हॉर्न रडतो. मीटर खोटं बोलतोय का?

उत्तर: मीटर खरं बोलतोय, तुम्ही त्याला चुकीचा प्रश्न विचारताय. बीपच्या टेस्टमध्ये वायरीतून नावापुरता करंट जातो, तेवढा तर दोन तारांवर लोंबकळणाऱ्या वायरीतूनही आरामात जाईल. आणि साध्या मीटरच्या स्वतःच्या लीडच ०.२ ते ०.५ ओहमच्या असतात, मग ०.२ ओहमचा खराब जोड त्यात दिसणार कुठून. आणि ०.२ ओहम म्हणजे थोडं नाही बरं का. त्यातून ५ अँपिअर गेले की १ व्होल्ट तिथंच खर्च, आणि ५ वॉटची उष्णता एका एवढ्याशा जोडात. तो तापतो, तापला की आणखी ऑक्साइड चढतं, त्यानं अडथळा वाढतो, मग आणखी तापतो, असं करत करत एक दिवस कनेक्टरचं प्लॅस्टिक वितळून मिळतं. हॉर्न वाजवत ठेवून (शेजाऱ्यांना सांगून) वर सांगितलं तसं व्होल्टेज ड्रॉप मोजा. लोड चालू असतानाच मोजायचं, हेच यातलं मुख्य.

प्रश्न: काळी पडलेली वायर पॉलिश पेपरनं घासून किंवा व्हिनेगरमध्ये बुडवून साफ केली आणि डाग (सोल्डर) दिला तर चालेल ना? यूट्यूबवर बघितलंय, एकदम तांबूस होते.

उत्तर: व्हिडिओत तांबूस दिसते हो, पुढच्या पावसाळ्यानंतर कशी दिसते ते कुणी दाखवत नाही. घासण्यानं बाहेरच्या तारा साफ होतात, आतल्या काळ्याच राहतात, आणि काळ्या तांब्यावर डाग बसत नाही, नुसते गोळे होऊन बाजूला पळतात. मग लोक प्लंबिंगचा ॲसिडवाला फ्लक्स लावतात, डाग लगेच बसतो, सगळे खूश, आणि तो उरलेला फ्लक्स आत बसून तांबं खात राहतो. व्हिनेगरचंही तेच, ते तारांमधून वर चढतं आणि तुम्ही कितीही धुतलं तरी आवरणाच्या आतलं निघत नाही.

व्हिनेगर आणि मीठ वापरायचंच असेल तर गाडीतून सुट्या काढलेल्या पितळी टर्मिनलसाठी वापरा. थोडाच वेळ बुडवायचं, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात, मग स्वच्छ पाण्यात, आणि कोरडं खडखडीत करून मगच लावायचं. पितळ साफ केल्यावरही गुलाबी दिसत असेल आणि वाकवल्यावर कडकन तुटत असेल तर त्यातलं जस्त निघून गेलंय, ते टर्मिनल फेका, स्प्रिंग उरलेली नसते त्यात.

वायरीचं खरं औषध एकच, कापणं. एकेक सेंटीमीटर मागे मागे कापत जा जोपर्यंत स्वच्छ चकचकीत तांबं लागत नाही. वीतभर मागे गेलात आणि अजून काळंच आहे, तर थांबा, ती वायर एका कनेक्टरपासून दुसऱ्या कनेक्टरपर्यंत पूर्ण नवी टाका, मध्ये ठिगळं लावत बसू नका. स्वच्छ तांबं लागलं तर तिथून नवा तुकडा जोडायचा. तुकडा तेवढ्याच जाडीचा किंवा एक नंबर जाड, बारीक कधीच नाही, आणि गाडीची मल्टीस्ट्रँड वायर घ्यायची, घराच्या भिंतीतली सिंगल तार गाडीच्या हादऱ्यांनी तुटते. मिळाली तर कल्हई केलेल्या तांब्याची वायर घ्या, बोटींमध्ये वापरतात ती, दमट जागी ती फार टिकते.

आता क्रिंप (टर्मिनल पकडीनं दाबून बसवणं) की डाग, यावर लोक भांडतात. माझं मत क्रिंपकडे झुकतं. चांगल्या रॅचेटच्या पकडीनं योग्य साइझचं टर्मिनल दाबलं की आतल्या तारा इतक्या आवळल्या जातात की हवा शिरायला जागा उरत नाही. पण साध्या पकडीनं, नाहीतर अगदीच हातोडीनं चेपलेलं म्हणाल तर त्यापेक्षा नीट दिलेला डाग शंभर पटीनं बरा. डागाची अडचण अशी की तो तारांमधून आवरणाखाली शिरतो आणि तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो, मग हादऱ्यात वायर बरोबर ताठ भाग जिथं संपतो तिथं तुटते. म्हणून डाग दिलात तर रोझिनवालाच सोल्डर घ्या, तांबं चकचकीत असू दे, आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर कुठंतरी बांधून घ्या म्हणजे ती हलणार नाही. बॅटरी आणि सेल्फच्या जाड केबलला डागावर सोडू नका, तिथं लगच (केबलच्या टोकाचं धातूचं कडं) दाबून घ्यायचा, करंट एवढा असतो की जोड खराब झाला तर सोल्डर वितळून गळायला लागतो.

त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, गरम केल्यावर दोन्ही टोकांनी थोडा गोंद बाहेर आलेला दिसला पाहिजे, तरच पाणी अडतं. स्लीव्ह जोडायच्या आधी वायरीत ओवायची असते हे लिहायची गरज नाही, पण लिहितोय. जोड झाला की हातानं चांगला ओढून बघायचा, सुटला तर तो सुटायचाच होता. आणि एकाच बंडलमध्ये चारपाच जोड असतील तर सगळे एका जागी आणू नका, पुढेमागे ठेवा, नाहीतर बंडलला गाठ येते आणि एक स्लीव्ह फाटली की शेजारच्याशी शॉर्ट.

प्रश्न: कनेक्टरवर सिलिकॉन भरून ठेवलं तर पाणी जाणार नाही ना? आणि गंज काढायचा स्प्रे मारला तर?

उत्तर: ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते अजिबात नको, सुकताना त्यातून ॲसेटिक ॲसिड निघतं आणि तांबं हिरवं होतं. स्प्रे मारून तात्पुरतं चालू होईल, घरी पोचायला ठीक. कायमचं म्हणाल तर टर्मिनल साफ, घट्ट, आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात.

प्रश्न: ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंद लुकलुकतो आणि टेललाइट विझल्यासारखी होते. इंडिकेटर लावला तर सगळाच दिवा नाचतो. फ्लॅशर बदलला, काही फरक नाही. वायरी आत कुठं एकमेकींना चिकटल्या असतील का?

उत्तर: नाही हो, ही अर्थची तक्रार आहे, आणि जुन्या गाडीत वायरिंगच्या नावानं जेवढं रडणं चालतं त्यातलं फार मोठं रडणं खरं तर अर्थचं असतं. ब्रेकच्या बल्बमधून आलेल्या करंटला परत बॅटरीकडे जायला वाट हवी. दिव्याची बॉडी गंजलेल्या पत्र्याला धरलीय, वाट बंद, मग तो करंट त्याच होल्डरमधल्या दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून उलटा घुसतो आणि तिकडून अर्थ शोधतो. म्हणून ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा लुकलुकतो.

तपासायला दोन मिनिटं लागतात. एक लांब वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या अर्थ पोलला आणि दुसरं त्या दिव्याच्या धातूच्या बॉडीला लावा. नाच थांबला? मग वायरिंगला हात लावायची गरजच नाही. बोल्ट काढा, पत्रा तेवढ्या वॉशरच्या जागेपुरता उघडा धातू दिसेपर्यंत घासा, लग साफ नाहीतर नवा, दातेरी वॉशर घालून घट्ट आवळा, आणि नंतर वरून ग्रीस किंवा रंग. आधी रंग आणि मग बोल्ट असं करू नका, नवीन रंगकाम झालेल्या गाड्यांचे दिवे यामुळेच बंद पडतात, गाडी आरशासारखी चमकते आणि इंडिकेटर मात्र लागत नाही. मला विचाराल तर दोन्ही टेललाइटच्या होल्डरपासून एक वेगळी काळी वायर काढून चासीच्या एका चांगल्या जागी आणून बांधा, पत्र्याच्या भरवशावर राहायलाच नको.

याच्यातच एक भीतीदायक प्रकार येतो तो पण सांगतो. इंजिन रबरच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून इंजिन ते बॉडी अशी विणलेल्या तांब्याची एक पट्टी असते. ती गंजून तुटली किंवा इंजिन उतरवल्यावर कुणी लावायलाच विसरलं, तर सेल्फचा शेकडो अँपिअरचा करंट परतीला जी मिळेल ती वाट धरतो, आणि ती वाट बहुतेकदा चोकची किंवा ॲक्सिलरेटरची केबल असते. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागली किंवा डॅशबोर्डखालून धूर आला तर तिथंच थांबा आणि आधी ती पट्टी बघा. सेल्फ जड फिरतो म्हणून बॅटरी बदलणाऱ्यांनी पण हीच पट्टी बघावी. सेल्फ मारताना इंजिनचा ब्लॉक ते बॅटरीचा अर्थ पोल असं मोजलं की कळतं, आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की पट्टी किंवा तिचे बोल्ट.

प्रश्न: माझ्या ब्रिटिश गाडीच्या फ्यूजबॉक्सवर ३५ अँपिअर लिहिलंय, मी काचेचा नवा ३५चा टाकला. तरी एक वायर तापून तिचं आवरण मऊ झालं आणि फ्यूज जसाच्या तसा. असं कसं?

उत्तर: कारण तो ३५ आणि हा ३५ वेगळे. लुकास या ब्रिटिश गाड्यांचं इलेक्ट्रिकचं सामान बनवणाऱ्या कंपनीच्या जुन्या काचेच्या फ्यूजवरचा ३५ हा आकडा फ्यूज उडतो त्या करंटचा आहे, सतत वाहून न्यायला तो साधारण १७ अँपिअरचाच. अमेरिकन पद्धतीच्या काचेच्या फ्यूजवर मात्र सतत चालणारा करंट लिहितात. म्हणजे तुम्ही जवळजवळ दुप्पट ताकदीचा फ्यूज बसवलाय आणि मधल्या काळात फ्यूजचं काम वायरनं केलं. तिथं १५ किंवा १७चा टाका. अंदाज यावा म्हणून सांगतो, ०.३० मिलिमीटरच्या १४ तारांची पातळ वायर म्हणजे १ चौरस मिलिमीटर, तिला ८.७५ अँपिअर धरतात, २८ तारांच्या २ चौरस मिलिमीटरला १७.५. फ्यूज वायरीला वाचवायला असतो, त्यामुळे तो वायरीच्या आकड्यावरून निवडायचा.

जर्मन गाड्यांमधले सिरॅमिकचे टोकदार फ्यूज रंगावरून कळतात, पांढरा ८चा, लाल १६चा. त्यांची टोकं आणि क्लिपा ऑक्साइडनं मळतात, म्हणून काही चालेनासं झालं की फ्यूज जागच्या जागी थोडा फिरवला की पुन्हा चालू होतं. असं वारंवार करायला लागत असेल तर क्लिपा साफ करून थोड्या आत दाबून घ्या. फ्यूजचं टोक तापलेलं लागत असेल तर क्लिप ढिली आहे.

आणि हो, त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत हेडलाइटला फ्यूजच नव्हता. मुळातच नव्हता, कुणी काढून टाकलेला नाही. एक वायर हिरवी होऊन शॉर्ट झाली तर बॅटरी ते बॉडी मध्ये अडवणारं काहीच नाही. तिथं फ्यूज घालण्यात मला तरी मूळपणाचा भंग वगैरे वाटत नाही, लपवून लावा हवं तर.

प्रश्न: हेडलाइटला रिले लावला की जुन्या वायरिंगचा प्रश्न मिटतो ना?

उत्तर: अर्धा मिटतो. रिले म्हणजे थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीकडून त्याच्या ३० नंबरच्या टर्मिनलला येणारी आणि ८७ वरून बल्बकडे जाणारी अशी दोन्ही जाड वायर नवी पडते, आणि जुन्या स्विचला, डिपरला रिलेच्या कॉइलपुरता, म्हणजे साधारण ०.१५ ते ०.२ अँपिअर एवढाच करंट वाहावा लागतो. स्विचचं आयुष्य वाढतं, उजेड लख्ख. पण बल्बचं होल्डर जळकं आणि अर्थ गंजलेला तसाच ठेवलात तर रिले काय करणार. ३० नंबरच्या वायरीत बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूज घाला. लो आणि हाय बीमला वेगवेगळा रिले, आणि जमलं तर डाव्या उजव्या दिव्याला वेगवेगळा फ्यूज, रात्री एक उडाला तरी दुसरा राहतो.

प्रश्न: माझी गाडी ६ व्होल्टची आहे. हेच सगळं लागू पडतं का?

उत्तर: लागू पडतं, पण चौपटीनं. तेवढ्याच वॉटला ६ व्होल्टमध्ये करंट दुप्पट लागतो, म्हणून त्याच खराब जोडावर व्होल्ट दुप्पट खर्च होतात, आणि तेही निम्म्या व्होल्टमधून. म्हणजे १२च्या गाडीत जो जोड अजून चालून जातो तो ६च्या गाडीत दिवा घालवतो. ६ व्होल्टवाल्यांना लोक सरळ १२ करून टाका म्हणतात, मी म्हणतो आधी सगळे अर्थ आणि क्लॅम्प स्वच्छ करून बघा, आणि बॅटरीच्या केबल कुणी १२ व्होल्टच्या गाडीच्या बारीक तर लावल्या नाहीत ना ते बघा. सेल्फ मरगळलेला असण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे.

प्रश्न: वायरींचे रंग उडालेत, सगळ्या एकसारख्या चॉकलेटी दिसतात. कुठली कशाची ओळखायची कशी? डायग्राम आहे पण त्यात रंगांचीच नावं आहेत.

उत्तर: रंग उघड्या भागातच उडतो. टेप किंवा क्लिपच्या खाली, नाहीतर कनेक्टरच्या रबराच्या आत एखादा सेंटीमीटर सोलून बघा, मूळ रंग तिथं जपलेला असतो. ओल्या फडक्यानं पुसलं तरी पट्टा दिसतो कधीकधी. रंग वाचताना दिवसाच्या उजेडात वाचा, पिवळ्या बल्बखाली जांभळा आणि चॉकलेटी सारखेच दिसतात.

लुकासच्या पद्धतीत चॉकलेटी म्हणजे बॅटरीकडून येणारा मुख्य, फ्यूजशिवायचा. पांढरा इग्निशन स्विच चालू केल्यावर येणारा. हिरवा तोच पण फ्यूजमधून गेलेला. जांभळा कायम चालू आणि फ्यूजमधून. निळा हेडलाइटचा, त्यात निळ्यावर पांढरा पट्टा हाय बीम आणि निळ्यावर लाल लो बीम. लाल साइड आणि टेललाइट, हिरव्यावर लाल डावा इंडिकेटर, हिरव्यावर पांढरा उजवा, हिरव्यावर जांभळा ब्रेकलाइट, काळा अर्थ. एवढं पाठ असलं तरी निम्मं वायरिंग डायग्रामशिवाय वाचता येतं. जर्मन गाडी असेल तर रंगापेक्षा टर्मिनलवर कोरलेले नंबर बघा, ३० बॅटरी, १५ इग्निशन, ३१ अर्थ, ५० सेल्फ, ५६ए हाय बीम, ५६बी लो बीम, ५८ साइडचे दिवे. अमेरिकन गाड्यांत असा सगळ्यांचा एकच नियम नव्हता, ज्या त्या कंपनीचा आणि त्या वर्षाचा डायग्राम मिळवल्याशिवाय अंदाज बांधू नका.

आणि काहीही सोडवायच्या आधी फोटो काढा आणि प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधा. चिठ्ठीवर रंग लिहू नका, कुठून सोडवली ते लिहा. मधल्या काळात कुणी तिसऱ्याच रंगाची वायर जोडून ठेवलेली असते, तिथं रंग तुम्हाला फसवतो.

प्रश्न: शेवटी तुकडे बदलायचे की पूर्ण हार्नेस (गाडीच्या वायरींचं अख्खं बंडल) नवा टाकायचा, हे ठरवायचं कसं? आणि नवा टाकला तर पहिल्यांदा बॅटरी जोडताना धाकधूक होते, काही उपाय आहे का?

उत्तर: मी वायर वाकवून बघतो. थंड असताना वायर हळूच बोटाभोवती गुंडाळायची, आवरणाला भेगा पडल्या किंवा चुरा झाला तर तो हार्नेस गेला, आतलं तांबं कितीही चांगलं असू दे. सुती वेणीच्या रबर वायरींचं तर असं की जोपर्यंत हलवत नाही तोपर्यंत ठीक असतात, एक दिवा दुरुस्त करायला ओढल्या की पाच ठिकाणी रबर गळून पडतं. दुसरं, वायरी एकदा आतून तापून एकमेकींना चिकटल्या असतील तर पूर्ण बदला, आत काय काय वितळलंय ते बाहेरून कळत नाही. तिसरं, दर महिन्याला नवीन ठिकाणी नवीन दोष निघतोय. या तिन्हीतलं काहीच नसेल, आवरण लवचिक असेल आणि तांबं फक्त टोकांना खराब असेल, तर टोकं, कनेक्टर, अर्थ एवढंच करा. बहुतेक गाड्यांत पुढच्या दिव्यांकडचा आणि मागचा भाग आधी जातो, आणि डॅशबोर्डखालचा कोरडा असल्यामुळे टिकतो, त्यामुळे अर्धाच हार्नेस बदलणं हाही एक रास्त मार्ग आहे, कमीपणा वाटून घेऊ नका.

नवा टाकताना जुना फेकू नका, जमिनीवर पसरून नव्याच्या शेजारी ठेवा आणि फाटे कुठं कुठं फुटतात ते जुळवा. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) जाते तिथं भोकात रबरी ग्रॉमेट नवंच घाला, पत्र्याची धार वायर कापते. बंडलला विनागोंदाची पीव्हीसी टेप गुंडाळायची, साधी इलेक्ट्रिकची गोंदवाली टेप इंजिनच्या उष्णतेनं पाझरते आणि दोन वर्षांत सगळं चिकट करून ठेवते. टेप खालून वर गुंडाळत आणा म्हणजे वरचा पदर खालच्यावर बसतो आणि पाणी ओघळून जातं. दिव्याकडे जाणारी वायर शेवटी थोडी खाली लोंबून मग वर जाऊ दे, थेंब त्या लोंबत्या भागातून खाली पडतो, कनेक्टरमध्ये शिरत नाही.

बॅटरी पहिल्यांदा जोडताना सरळ जोडूच नका. सगळे स्विच बंद, दारं बंद, घड्याळ असेल तर त्याची वायर काढलेली. बॅटरीचा अर्थ पोल आणि अर्थची केबल यांच्या मध्ये २१ वॉटचा एक ब्रेकलाइटचा बल्ब वायरीनं जोडा. गाडी १२ व्होल्टची असेल तर बल्ब १२चा, ६ची असेल तर ६चा. बल्ब अजिबात लागला नाही तर ठीक आहे. लख्ख लागला तर कुठंतरी थेट शॉर्ट आहे, पण बल्बमुळे साधारण दोन अँपिअरपेक्षा (६ व्होल्टच्या गाडीत साधारण साडेतीनपेक्षा) जास्त करंट जाणारच नाही, त्यामुळे काही जळणार नाही, शांतपणे एकेक फ्यूज आणि कनेक्टर काढत जा, ज्याला काढल्यावर बल्ब विझतो ती लाइन धरा. बल्ब बारीकसा लागून राहिला तर काहीतरी चालू राहिलंय, बोनेटचा किंवा डिकीचा दिवा बघा आधी. नंतर इग्निशन चालू करा, बल्ब थोडा उजळेल, ते बरोबर आहे. मग साइडलाइट, ब्रेक, इंडिकेटर असं एकेक लावून बघा, प्रत्येक वेळी बल्ब थोडा उजळेल आणि तो दिवा मंद लागेल, एवढ्यानं जोडणी बरोबर आहे की नाही ते कळतं. हेडलाइट आणि सेल्फ या बल्बवर चालायचे नाहीत, ते शेवटी, बल्ब काढून केबल पोलवर नीट घट्ट केल्यावर.